कागदाच्या कपट्यांतून बोलणारा चित्रकार

लहान मुलांच्या पुस्तकात रडणारे मूल दाखवायचे असेल, तर चित्रकार काय करतो? तो मुलाचा चेहरा काढतो, मुडपलेले ओठ दाखवतो आणि गालांवर दोन थेंब रेखाटतो. मूल दुःखी आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. परंतु ज्याला चेहराच नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत, असा निळ्या कागदाचा एक फाडलेला कपटा रडू शकेल का? त्याला मित्राची ओढ लागेल का? आईवडिलांनी ओळख नाकारली, तर त्याचे मन दुखावेल का? हे सारे घडू शकते, हे लिओ लिओनी यांनी १९५९ साली एका छोट्याशा पुस्तकातून दाखवून दिले. त्या वेळी त्यांचे वय ४९ वर्षांचे होते आणि त्यापूर्वी त्यांनी मुलांसाठी एकही पुस्तक तयार केले नव्हते.

लिओ लिओनी यांचा जन्म ५ मे १९१० रोजी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅम शहरालगतच्या वॉटरग्राफ्समेर येथे झाला. त्यांचे वडील ज्यू घराण्यातील होते. हिऱ्यांना पैलू पाडण्याचा व्यवसाय सोडून ते पुढे हिशेबनीस झाले. आई ज्यू नव्हती. ती ऑपेरा हा पाश्चात्त्य संगीतनाट्याचा प्रकार गाणारी गायिका होती. घरात गाणे होते, तशी चित्रेही होती. आप्तांपैकी काहींना आधुनिक चित्रे जमवण्याचा छंद होता. मार्क शागाल या चित्रकाराने काढलेले व्हायोलिनवादकाचे एक चित्र लहानग्या लिओच्या खोलीबाहेर टांगलेले असे. शहरातील नामवंत संग्रहालये घरापासून जवळच होती. तेथे जाऊन थोर चित्रकारांची चित्रे न्याहाळणे आणि ती पाहून आपल्या हाताने रेखाटणे हा त्यांच्या बालपणीचा नित्याचा उद्योग होता.

दुसरा छंद होता तो लहान जीवांचा. काचेच्या पेटीत वाळू, शेवाळ आणि दगड मांडून त्यात ते छोटे प्राणी पाळत आणि तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसत. पुढे त्यांच्या पुस्तकांत उंदीर, मासे, बेडूक, सरडे व अळ्या वावरू लागल्या, त्यांचे मूळ या काचेच्या पेट्यांत होते.

हे स्थिर बालपण फार काळ टिकले नाही. लिओ बारा वर्षांचे असताना आईवडील नशीब काढण्यासाठी अमेरिकेला गेले आणि लिओ काही काळ बेल्जियममध्ये, ब्रुसेल्स येथे आजीआजोबांजवळ राहिले. त्यानंतर ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला आईवडिलांकडे गेले. तेथे जेमतेम रुळतात तोच कुटुंब इटलीतील जेनोआ शहरात येऊन राहिले. पंधरा वर्षांच्या वयापर्यंत त्यांनी चार देश पाहिले. दर वेळी शाळा नवी, भाषा नवी आणि मित्रही नवे. जेथे जावे तेथे परका म्हणून ओळखले जावे आणि जरा आपलेपणा वाटू लागला की पुन्हा निघावे, असा हा क्रम होता. ओळखले जाणे आणि न ओळखले जाणे म्हणजे काय, हे त्यांना अशा प्रकारे लहानपणीच कळले.

जेनोआमध्ये त्यांची नोरा माफी हिच्याशी भेट झाली. तिचे वडील फाब्रित्सिओ माफी हे डॉक्टर होते आणि इटलीतील साम्यवादी पक्षाच्या आरंभीच्या नेत्यांपैकी एक होते. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने त्यांचा छळ केला. १९३१ साली लिओ आणि नोरा यांचा विवाह झाला. त्या काळात लिओ चित्रे काढू लागले होते. यंत्र आणि वेग यांचे गुणगान करणाऱ्या भविष्यवादी चित्रकारांनी त्यांना आपल्यात ओढले आणि त्या पंथाचा पुढारी मारिनेत्ती याने त्यांचे कौतुकही केले. परंतु लिओनी त्या गटात फार काळ रमले नाहीत. १९३५ साली त्यांनी जेनोआ विद्यापीठातून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. मात्र चरितार्थासाठी त्यांनी मार्ग निवडला तो जाहिरातींच्या चित्रकलेचा.

१९३८ साली इटलीत ज्यूंच्या विरोधात वंशभेदाचे कायदे झाले. कालपर्यंत शेजारी, सहकारी वा मित्र असलेली माणसे एका फर्मानाने परकी ठरवली गेली. लिओनी यांनी १९३९ साली देश सोडला आणि अमेरिका गाठली. काही काळाने पत्नी व दोन मुलगेही तेथे पोहोचले.

अमेरिकेत त्यांनी फिलाडेल्फियातील एका मोठ्या जाहिरातसंस्थेत नोकरी धरली आणि थोड्याच वर्षांत नाव कमावले. १९४८ पासून ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकाचे कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी सुमारे बारा वर्षे काम पाहिले. ऑलिव्हेटी या टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या इटालियन कंपनीसाठीही त्यांनी संकल्पन केले. ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे जगभरातील माणसांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन १९५५ साली न्यूयॉर्क येथे भरले आणि पुढे भारतासह अनेक देशांत फिरले. त्या प्रदर्शनाच्या पुस्तकाची मांडणी लिओनी यांचीच होती. होतकरू चित्रकारांना हात देण्याचीही त्यांची वृत्ती होती. जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या एरिक कार्ल या तरुणाला १९५२ साली त्यांच्या शिफारशीमुळे काम मिळाले. सुरवंटाच्या गोष्टीमुळे पुढे जगभरातील मुलांना ठाऊक झालेले चित्रकार ते हेच.

१९५८ साली ब्रुसेल्स येथे जागतिक प्रदर्शन भरले. अमेरिकेच्या विभागाजवळ एक वेगळे दालन उभारण्याचे काम लिओनी यांच्याकडे आले. अमेरिकेने आपल्या उणिवाही जगापुढे प्रामाणिकपणे मांडाव्यात, अशी त्यामागची कल्पना होती. दालनाचे तीन भाग होते. पहिल्या भागात देशापुढील प्रश्नांचा गोंधळ होता, दुसऱ्यात ते सोडवण्याचे प्रयत्न होते आणि तिसऱ्यात उद्याची आशा होती. या शेवटच्या भागात निरनिराळ्या वर्णांची मुले हातात हात घालून फेर धरून खेळत आहेत, असे छायाचित्र लावले होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळेत बसावे की नाही, यावरून संघर्ष पेटला होता. साहजिकच तेथील काही लोकप्रतिनिधींनी या दालनास कडाडून विरोध केला आणि थोड्याच काळात ते बंद करण्यात आले. एवढ्या परिश्रमाने, एवढ्या थाटाने सांगितलेली साधी गोष्ट मोठ्या माणसांना सोसली नाही.

यानंतर वर्षभराने जे घडले, त्यासाठी ना दालन लागले, ना निधी. लिओनी आपला पाच वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात यांना घेऊन न्यूयॉर्कहून आगगाडीने घरी निघाले होते. मुले डब्यात धुडगूस घालू लागली. सहप्रवासी त्रासले असतील, या विचाराने आजोबा संकोचले. मुलांना गुंतवण्यासाठी त्यांनी हातातली कागदपत्रांची पेटी मांडीवर आडवी ठेवली आणि जवळच्या ‘लाइफ’ मासिकातील रंगीत पाने घेतली. त्यांचे निळे, पिवळे व हिरवे गोलसर कपटे हातानेच फाडले आणि ते पेटीवर सरकवत त्यांनी मनाला येईल तशी एक गोष्ट रचायला आरंभ केला. मुले एकदम शांत झाली. हळूहळू आजूबाजूचे प्रवासीही वर्तमानपत्रे बाजूला सारून ऐकू लागले. घरी आल्यावर लिओनी यांनी तेच कपटे कोऱ्या पानांवर चिकटवून पुस्तक तयार केले. फाबिओ कोएन या संपादकाच्या ते दृष्टीस पडले आणि त्याच वर्षी ‘लिट्ल ब्लू अँड लिट्ल यलो’, म्हणजे ‘छोटा निळा आणि छोटा पिवळा’, हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

गोष्ट अगदी साधी आहे. छोटा निळा आपल्या निळ्या आईबाबांबरोबर राहतो. त्याचा जिवलग मित्र छोटा पिवळा समोरच्या घरात राहतो. शाळेत ते इतर रंगांच्या मुलांबरोबर नीट रांगेत बसतात आणि शाळा सुटली की मनमुराद हुंदडतात. एके दिवशी आई घराबाहेर गेलेली असताना छोटा निळा मित्राला शोधायला निघतो. पिवळ्याचे घर रिकामे असते. बराच वेळ शोधल्यावर अचानक एका वळणावर तो भेटतो. आनंदाने दोघे एकमेकांना असे घट्ट मिठी मारतात की, दोघांचा मिळून हिरवा होऊन जातो. तसेच ते खेळतात, दमतात आणि घरी परततात. परंतु निळे आईबाबा त्यांना ओळखत नाहीत. हा हिरवा आपला मुलगा नव्हे, असे सांगतात. पिवळे आईबाबाही तेच सांगतात. मग ते दोघे इतके रडतात की, त्यांचे निळे आणि पिवळे अश्रू होऊन जातात. अश्रूंचे ते कण पुन्हा गोळा होतात आणि निळा निळा होतो, पिवळा पिवळा होतो. आता आईबाबा त्यांना ओळखतात. निळे आईबाबा आपल्या मुलाला कुशीत घेतात, त्याच्या मित्रालाही कुशीत घेतात आणि काय झाले ते त्यांच्या तेव्हा ध्यानात येते, कारण मिठीत तेही हिरवे होऊ लागतात.

या पुस्तकात एकही माणूस रेखाटलेला नाही. ज्या चित्रात ओळखू येणारी वस्तू, प्राणी वा माणूस नसतो आणि केवळ रंग, रेषा, आकार व त्यांची मांडणी यांतून आशय व्यक्त होतो, त्या चित्राच्या प्रकाराला अमूर्त कला म्हणतात. ही कला आपल्याला कळत नाही, असे अनेकांना वाटते. वास्तविक ती आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. ठिपके जोडून काढलेली रांगोळी पुष्कळदा कोणत्याच वस्तूचे चित्र नसते, तरी दारापुढे ती दिसली की घरातील प्रसन्नता आपल्यापर्यंत पोहोचते. १९२२ साली एल लिसित्स्की या रशियन चित्रकाराने तांबडा आणि काळा अशा दोन चौकोनांची गोष्ट मुलांसाठी प्रसिद्ध केली होती. परंतु त्या चौकोनांतून एका नव्या समाजरचनेचा विचार मांडलेला होता. लिओनी यांच्या कपट्यांतून व्यक्त झाली ती मैत्री, ओढ, भीती आणि घरच्यांची माया.

हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. लिओनी यांनी कपटे कात्रीने कापले नाहीत, हाताने फाडले. त्यामुळे त्यांच्या कडा मऊ आणि किंचित वेड्यावाकड्या राहिल्या. कंपासाने काढलेल्या वर्तुळात जो निर्जीवपणा असतो, तो त्यांत नाही. मोठे आकार पाहताच ते आईबाबा आहेत आणि लहान आकार त्यांचे मूल आहे, हे कोणी न सांगता समजते. कपटे सरळ ओळीत मांडले की शाळेची शिस्त दिसते; तेच पानभर विखुरले की खेळ दिसतो. मोकळ्या पानावर एकच कपटा असला की एकटेपणा जाणवतो. दोन कपटे जवळ आले, एकमेकांना टेकले आणि एकमेकांत मिसळले की प्रेम म्हणजे काय, हे कळते. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो, हा रंगांचा नियम प्रत्येक मुलाला अनुभवाने ठाऊक असतो. लिओनी यांनी त्याच नियमाला भावनेचा अर्थ दिला. जवळ आलेली दोन माणसे पूर्वीसारखी राहत नाहीत, हे त्यांनी एका रंगातून सांगितले.

चेहरा नसल्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. चित्रातील मूल गोरे किंवा सावळे असले, त्याच्या अंगावर विशिष्ट कपडे असले, तर ते कोणा एका देशाचे, कोणा एका घरचे होऊन जाते. निळा कपटा कोणाचाही नसतो, म्हणून तो सर्वांचा होऊ शकतो. पाहणारे मूल त्या रिकाम्या आकारात आपल्या मनातील दुःख आणि आपला आनंद भरते. ज्या मुलाला आपल्या मनात काय चालले आहे ते शब्दांत सांगता येत नाही, तेही तो कपटा पानाच्या कोपऱ्यात सरकवून किंवा मधोमध आणून ते दाखवू शकते. म्हणूनच या पुस्तकानंतर मुले स्वतः कागद फाडून आपापल्या गोष्टी सांगू लागतात, असा अनुभव शिक्षकांना येतो.

ही गोष्ट वंशभेदाविषयी आहे का, असा प्रश्न अनेक वाचकांना पडला. आगगाडीत नातवंडांना शांत करताना ती सुचली, एवढे खरे. परंतु ज्याचे आईवडील वेगवेगळ्या परंपरांतील होते, ज्याला एका कायद्याने परके ठरवले होते आणि ज्याने लावलेले फेर धरणाऱ्या मुलांचे छायाचित्र वर्षभरापूर्वी उतरवले गेले होते, त्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट उतरावी, याचे आश्चर्य वाटत नाही.

पहिल्या पुस्तकानंतर लिओनी यांच्या जीवनाची दिशाच पालटली. मोठ्या पगाराची नोकरी सोडून १९६० च्या दशकाच्या आरंभी ते इटलीला परतले आणि चित्रे, शिल्पे व मुलांची पुस्तके यांत त्यांनी स्वतःला वाहून घेतले. पुढील काळात त्यांची चाळीसहून अधिक पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘इंच बाय इंच’, ‘स्विमी’, ‘फ्रेडरिक’ आणि ‘अलेक्झांडर अँड द विंड-अप माउस’ या चार पुस्तकांना अमेरिकेतील चित्रपुस्तकांसाठीचा मानाचा कॅल्डिकॉट सन्मान मिळाला. ‘स्विमी’मधील एकटा काळा मासा लाल माशांना एकत्र पोहायला शिकवतो आणि सर्वांनी मिळून बनवलेल्या प्रचंड माशाचा तो स्वतः डोळा होतो. ‘फ्रेडरिक’मधील उंदीर हिवाळ्यासाठी धान्याऐवजी सूर्यकिरण, रंग आणि शब्द साठवतो.

१९७५ साली ते पुन्हा अमूर्त आकारांकडे वळले. ‘पेत्सेत्तिनो’ म्हणजे इटालियन भाषेत छोटासा तुकडा. या पुस्तकाचा नायक एक लहानसा नारिंगी चौकोन आहे. त्याचे सारे मित्र अनेक चौकोनांनी बनलेले, मोठे आणि कर्तबगार असतात. आपण एवढे लहान, तेव्हा नक्कीच कोणाचा तरी निखळलेला तुकडा असलो पाहिजे, असे त्याला वाटते. तो प्रत्येकाला तसे विचारत फिरतो. अखेर एका खडकाळ बेटावर ठेच लागून तो पडतो आणि त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. तेव्हा त्याला उमगते की, इतरांप्रमाणे आपणही अनेक तुकड्यांचे बनलेलो आहोत, म्हणजेच आपण स्वतः पूर्ण आहोत. ते सारे तुकडे गोळा करून तो आनंदाने परत येतो. आपण कोणाच्या खिजगणतीतही नाही, असे ज्याला कधी वाटले असेल, त्याला हा चौकोन लगेच ओळखीचा वाटेल.

उतारवयात लिओनी यांना कंपवाताचा विकार जडला. हात थरथरू लागला, तरी काम थांबले नाही. १९९७ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ११ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, इटलीतील तोस्काना प्रांतात राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतरही त्या कपट्यांचे सामर्थ्य ओसरले नाही. २०१५ साली व्हेनिस शहराच्या महापौरांनी बालवाड्यांतून ४९ चित्रपुस्तके काढून घेण्याचा आदेश दिला. कुटुंबाविषयी वेगळ्या कल्पना या पुस्तकांतून मुलांपर्यंत पोहोचतील, अशी त्यांना धास्ती होती. त्या यादीत निळ्यापिवळ्याची ही गोष्टही होती. या निर्णयावर इटलीत चहूबाजूंनी टीका झाली. छापून ५६ वर्षे झालेले, चेहरा नसलेले दोन कपटे मोठ्या माणसांना अजूनही अस्वस्थ करू शकत होते, ही बाब लक्षणीय आहे.

या गोष्टीत मुले रडतात, ती हिरवी झाली म्हणून नव्हे. हिरवी झाल्यावर घरच्यांनी ओळखले नाही म्हणून. कथेचा शेवट गोड होतो, कारण आईवडील मुलांना उपदेश करीत नाहीत. शेजारच्या मुलालाही कुशीत घेतात आणि स्वतः थोडे हिरवे होतात. लिओ लिओनी यांनी आयुष्यभर अनेक देशांत, अनेक भाषांत वावरून जे जाणले, ते सांगायला त्यांना अखेर एका मासिकाची दोन-चार रंगीत पाने पुरली.